गाडीचं लोन पास झालं एकदाचं!

आज म्हापशात सेकंडहँड वॅगनार फायनल केली. २०१८ ला गोव्यातलं मायनिंग बंद पडलं तेव्हा आमचा ट्रक डिचोलीत दारातच गंजत राह्यला, हप्ते थकले, शेवटी सेटलमेंट करून, म्हणजे थोडे कमी पैसे भरून मिटवून, सुटलो असं वाटलं पण कसलं सुटतोय, सिबिल रिपोर्टात (आपल्या कर्जफेडीची नोंद असते त्यात) 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' आलं आणि बँकवाले ते बघूनच फाईल परत सरकवायचे. मग उरलेले पैसे भरून काही बाकी नाही असं नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं, रिपोर्ट अपडेट करून घेतला, एफडी तारण ठेवून क्रेडिट कार्ड काढलं, त्यावर फक्त पेट्रोल नि मोबाईल, बिल वेळेत आणि फुल्ल, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातला थोडासाच भाग भरायच्या नादाला लागायचंच नाही.

सिबिल स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर गेला की बँकवाल्यांचं बोलणंच बदलतं बघा. माझा अजून तिथवर नाही म्हणून व्याज चढं लावलंय, डाऊन पेमेंटपण जास्त घेतलं. घेऊ देत. आणि हो, रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, एजंटला कशाला पैसे देताय?

आई म्हणते गाडी आधी बोडगेश्वराच्या देवळात न्या, बायको म्हणते आधी आरसीवर नाव चढू दे. मी आपला फॉर्मवर सह्या करत बसलोय.