आम्ही गावभागात का राहतो

सांगलीत कोणाला पत्ता सांगताना ‘गावभाग’, म्हणजे कृष्णाकाठची जुनी सांगली, असे म्हटले की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. २०१९ साली घरात पुराचे पाणी किती आले होते, आणि गाडी कोठे लावता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे मी पुढे देणार आहे. मात्र गावभाग हळूहळू रिकामा होत चालला आहे त्याचा सगळा दोष नदीच्या माथी मारला जातो, ते मला मान्य नाही, आणि हे लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

माझे माहेर सांगलीतल्याच विश्रामबागचे. पुढे अंगण, बाजूला गाडीची जागा, भोवती कुंपण अशा बंगल्यात वाढलेली मी लग्नानंतर गावभागातल्या या वाड्यात आले. आई तेव्हा काळजीने म्हणाली होती, ‘‘अगं, उन्हाचा कवडसासुद्धा विचारून आत येतो तिथं.’’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. माजघरात दुपारीही दिवा लावावा लागतो आणि बोळ इतका अरुंद आहे की समोरच्या वाड्यातल्या काकूंच्या फोडणीवरून त्यांच्याकडे आज काय शिजते आहे ते कळते. पण मंडई, सराफ कट्टा, हरभट रोड, मुलांची शाळा, दवाखाना, गणपतीचे देऊळ आणि नदीचा घाट हे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर असणे म्हणजे काय, ते मला येथे येऊन समजले. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या तरी कोणावर अवलंबून न राहता रोज देवळात जाऊन येतात. विश्रामबागेत माझ्या आईला रिक्षा बोलावावी लागते.

हे अंतर योगायोगाने जमलेले नाही. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या या लहान गावाला राजधानी केले, तेव्हा गणेशदुर्ग, पेठ, काळ्या दगडाचे गणपती मंदिर आणि वस्ती हे सगळे माणसाच्या चालीच्या हिशेबानेच उभे राहिले. व्यापारी, सराफ, कारागीर, कलावंत आले ते या आश्रयाला आले. पु. ना. गाडगीळ यांच्या पेढीची सुरुवात १८३२ ची, सांगलीतलीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेही येथेच, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला महाराष्ट्रभर रंगभूमी दिन साजरा होतो. भाद्रपदात संस्थानचा चोर गणपती चतुर्थीच्या आधीच गाजावाजा न करता बसतो आणि संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी मिरवणुकीने होते. त्या दिवशी सगळी सांगली आमच्या भागात येते, आणि आमच्या वाड्याच्या माडीवर नात्यातल्या-ओळखीतल्या मुलांना उभे राहायला जागा उरत नाही.

आता पाण्याविषयी. पावसाळ्यात येथे माणसे एकमेकांना भेटली की खुशाली विचारत नाहीत, ‘‘आयर्विनला किती?’’ असे विचारतात. १९२९ मध्ये झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. कोयनेतून किती क्युसेक सोडले, खाली हरिपूरच्या संगमावर वारणा किती भरली आहे, आणि ती भरली असेल तर कृष्णेचे पाणी पुढे सरकायला किती वेळ घेईल, याचा अंदाज आमचे शेजारी काका जितका अचूक बांधतात तितका मी फार थोड्यांना बांधताना पाहिला आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर आणि कर्नाळ रस्त्याचा भाग आमच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. जुने गाव त्या मानाने उंचावर बसले आहे. सखल जागा त्या काळी नदीसाठी सोडलेल्या होत्या आणि अलीकडच्या पिढ्यांनी त्या प्लॉट पाडून विकल्या. पूरग्रस्त म्हणून गावभागाचेच नाव आधी घेतले जाते, तेव्हा हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

तरीही पाणी आले. २००५ मध्ये आयर्विनला ५३ फुटांच्या पुढे गेले तेव्हा ते आमच्या दगडी जोत्याच्या वरच्या पायरीला लागून माघारी गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर चढले आणि सोप्यात कमरेइतके उभे राहिले. २०२१ मध्ये पुन्हा आले, पण घोट्याच्या थोडे वर. त्या तिन्ही खुणा आमच्या दिंडी दरवाजाच्या चौकटीवर सासऱ्यांनी पटाशीने कोरून ठेवल्या आहेत.

२०१९ नंतर हा वाडा मी पहिल्यांदा नीट पाहिला, असे म्हणायला हरकत नाही. सागवानी खांब जमिनीत पुरलेले नसून दगडी तळखड्यांवर उभे आहेत, त्यामुळे पाणी ओसरल्यावर त्यांचे बूड कुजले नाही. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत भिंत दगडाची आहे. त्यावर पांढऱ्या मातीचे काम आहे. जेथे पाणी दगडाच्या आत राहिले तेथे भिंतीला काही झाले नाही, आणि जेथे ते मातीपर्यंत चढले ती स्वयंपाकघरामागची भिंत पाणी गेल्यावर, सगळे संपले असे वाटत असताना, बसली. सुदैवाने तेव्हा तेथे कोणी नव्हते. गाळ ओला असतानाच खराट्याने आणि पाण्याने बाहेर लोटायचा, एकदा सुकला की तो कुदळीशिवाय हलत नाही. दारे फुगण्याआधी बिजागऱ्यांतून काढून सावलीत उभी करायची. तुळया रंगवायची घाई करायची नाही, आत ओल कोंडते. हे सगळे सासूबाई माडीच्या जिन्यावर बसून सांगत होत्या आणि बोळातली मुले ऐकून तसे करत होती. त्या आठवड्यात आमच्याकडे चूल पेटली नाही, तरी कोणी उपाशी राहिले नाही. सर्वांत जास्त वाईट वाटले ते नगर वाचनालयाचे. १८६९ पासूनच्या त्या संस्थेची हजारो पुस्तके त्या पुरात भिजली.

इतके होऊनही आमच्या बोळातून पुरामुळे कायमचे गेलेले घर मला एकच आठवते. बाकीची घरे गेली ती अन्य कारणांनी गेली. आमचेच उदाहरण देते. मालमत्ता पत्रकावर आजेसासऱ्यांच्या खाली अकरा वारसांची नावे आहेत. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरूला, वन्सं कोल्हापूरला. पडलेली भिंत पुन्हा बांधण्यासाठी सर्वांची संमती मिळवताना आमचा पावसाळा उलटला. पुण्याचे भावजी मनाने चांगले आहेत, पण तेही फोनवर म्हणाले, ‘‘वहिनी, प्रत्येक भिंतीला सही देत बसण्यापेक्षा एकदाच काय ती बिल्डरला देऊन मोकळे होऊ.’’ त्यांना दोष देता येत नाही, कारण या घराचा खर्च त्यांना दिसतो आणि उपयोग दिसत नाही. समोरच्या वाड्यात जुने भाडेकरू आहेत. त्यांच्याकडून वर्षभरात येणाऱ्या भाड्यात पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याची मजुरीही भागत नाही, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, आणि दुरुस्ती होत नाही म्हणून भाडेकरू भाडे वाढवू देत नाही. त्यात जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेल्यापासून त्यांच्या आधाराने राहणारी नोकरदार आणि वकील मंडळीही हळूहळू तिकडे सरकली. रिकाम्या झालेल्या तळमजल्यांवर दुकानांची गोदामे आली. गोदामाला शेजारी लागत नाही. रात्री शटर ओढले की त्या बाजूचा बोळ अंधारा होतो, आणि पूर आला तर वर्दी द्यायलाही तेथे कोणी नसते.

वाडा पाडूच नये असा माझा आग्रह नाही. लाकूड किडले, भिंत झुकली, तर माणसांनी त्याखाली जीव धोक्यात घालून राहावे असे कोणी म्हणू नये. पण नवे बांधणाऱ्याने जुन्याकडून जोत्याची उंची तरी घ्यावी. रस्त्याच्या पातळीवर दुकाने आणि वर सदनिका असे बांधकाम विकायला सोपे पडते. पाणी मात्र आधी तेथेच शिरते. खाली फक्त वाहने ठेवून राहणे वरच्या मजल्यांवर नेले तर पुराचा आणि गाडीचा, असे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात. आमची गाडी सध्या बोळाच्या तोंडाशी उभी असते, बाजाराच्या दिवशी तीही जागा मिळत नाही आणि मग ती माहेरी विश्रामबागेत नेऊन लावावी लागते. हा त्रास खरा आहे आणि मी तो लपवत नाही.

गावभागात घर पाहायला येणाऱ्या तरुण जोडप्यांना मी एवढेच सांगते: दलालाऐवजी शेजारच्या घरात जाऊन २०१९ ची खूण विचारा. विजेचा मीटर आणि बटणांचे बोर्ड किती उंचीवर आहेत ते पाहा, माडीला आतून जिना आहे का आणि माडीवर मोरी आहे का याची खात्री करा, आणि मालक एक आहे की अकरा ते कागद पाहून ठरवा. समोरच्या वाड्यात माडीवरच्या दोन खोल्या दिवाळीपासून रिकाम्या आहेत. एका व्यापाऱ्याने त्या मालासाठी मागितल्या होत्या, पण काकूंनी नकार दिला. त्यांना तेथे लेकुरवाळे कुटुंब हवे आहे, आणि भाड्याचे त्या समजून घेतील.