भोकाचे डॉलर, नोंद 4 : ग्वादेलोपचा चौकोन

या महिन्यात एका लिलावातून घेतलेला ग्वादेलोप या कॅरिबियन बेटाचा 20 सूचा (सू हे जुने फ्रेंच नाणे), डॉलरमधून कापलेला चौकोनी तुकडा बनावट निघाला, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तो बनावट कसा, हे तपासताना खऱ्या तुकड्याविषयी जे कळले ते नोंदवण्याजोगे आहे.

1811 साली हे साखरेचे बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते. साखर युरोपात जाई आणि तिचे हिशेब तिकडच्या व्यापाऱ्यांकडे हुंड्यांवर चुकते होत. उलट पीठ, खारवलेले मासे आणि लाकूड आणणाऱ्या उत्तर अमेरिकी जहाजांना रोख चांदी लागे, त्यामुळे स्पॅनिश आठ रियालचे डॉलर बेटावर टिकत नसत. म्हणून डॉलरच्या मधोमध कंगोरेदार चौकोन कापून काढला. उरलेले कडे मुकुटाखालच्या ‘जी’चा ठसा मारून 9 लिव्हरला (लिव्हर हे जुने फ्रेंच चलन), तर चौकोन किरणांतल्या ‘जी’चा ठसा मारून 20 सूला, म्हणजे 1 लिव्हरला चालवला. बेटाबाहेर कड्याला उरलेल्या चांदीचाच भाव मिळणार, मग ते बाहेर नेईल कोण? आपल्याकडे सराफ झिजलेल्या रुपयाला बट्टा लावत. इथे चांदी काढून घेतलेले नाणे सरकारनेच चढ्या भावाने चालवले, हा उफराटा व्यवहार मला फार आवडतो.

आता माझा तुकडा. स्पेनचा राजा चौथा चार्ल्स याच्या डॉलरचा मध्य कापला, तर पुढे राजाच्या कानाभोवतीचा गाल आणि केस येतात, मागे ढालीच्या मधला, तीन लिलींचा लहान लंबगोल येतो. माझ्याकडे कान अगदी जागेवर आहे. मागे मात्र लिलींचा मागमूस नसून किल्ल्याचा बुरूजच पसरला आहे. एकाच नाण्याच्या एकाच जागेच्या या दोन बाजू असूच शकत नाहीत. शिवाय ठसा हातोड्याने मारला, की त्याच्या बरोबर मागची नक्षी दबून सपाट होते. इथे बुरुजाच्या रेषा दहापट भिंगाखाली जशाच्या तशा दिसतात आणि अक्षराच्या कडेला ओतकामाचे बारीक बुडबुडेही आहेत. मी आधी सोनाराकडे वजन करून आणले होते आणि त्यावरच भुललो होतो. विक्रेता तुकडा परत घेत नाही.

कड्याचे त्या मानाने सोपे असते, कारण साल आणि टांकसाळीची खूण कडेच्या मजकुरात शाबूत राहते. तिथे 1811 नंतरचे साल दिसले, तर लगेच शंका घ्यावी. एका स्नेह्याकडे असे कडे आहे, त्यावर 1799 साल आणि मेक्सिकोची खूण, म्हणजे ‘एम’वर बारीक ‘ओ’, असल्याचे तो सांगतो. रविवारी भिंग घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.