तूर निंघू दे, मंग जाजो

"तूर निंघू दे, मंग जाजो." बाबा आज ओसरीत बसून म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मांडीवर कापूस, आणि त्यातला वाळल्या पानांचा कचरा बोटांनी एकेक करून काढणं सुरू.

नागपूरजवळच्या बुटीबोरीला कंपनीजवळ खोली भेटते आहे. दोन मित्र आधीच राहतात, तिसरा मी. हिंगणघाटहून ये-जा करतो, पण सेकंड शिफ्ट सुटली की परतायचे वांधे होतात. हे बाबांनाही पटतं.

तरी ऑक्टोबरात म्हणाले, सोयाबीन घरी येऊ दे. मग पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, पहिला वेचा. आता तूर. तुरीमागं हरभरा उभाच आहे, हरभऱ्यामागं वखरणी, आणि मग मृग. वावर काही रिकामं बसत नाही बाप्पा!

ताईच्या वेळी मात्र कोणी तूर पाहिली नाही. मुहूर्त निघाला, ऐन वेचाईत लग्न लागलं, गेली. पोरीच्या जाण्याची तारीख पंचांगात सापडते. पोराची कुठं पाहायची?

मजूर मिळत नाहीत, हे खरं. पण सुट्टीच्या दिवशी मी कापूस वेचतो तो किती? बाजूच्या ओळीतल्या काकूंची कमरेची ओटी कापसानं दोनदा भरते, तेव्हा माझी अर्धी. हे बाबांना चांगलं ठाऊक आहे. म्हणजे अडलंय ते माझ्या हातांवाचून नाही.

गावाकडच्या मित्रांनो, तुम्हाला घरून कोणी "जाय" म्हटलं होतं, की तुम्हीच एक दिवस बॅग भरली?