कधीच

काल रात्री पावणेबाराला तिचं उत्तर आलं. 'जाऊ दे गं. मी तुला कधीच माफ केलंय.'

चष्मा न लावता वाचलं, आणि 'कधीच'च्या पुढचं 'नाही' पदरचं घालून मोकळी झाले. धस्स झालं. मग चष्मा लावला. 'नाही' नव्हतंच. कधीच, म्हणजे केव्हाचंच. माफ केलंय. मला.

हे जास्त झोंबलं.

कारण माफ मी करणार होते. २०१९ पासून ते काम माझ्याकडे होतं. आईच्या वेळी कोण आलं नव्हतं? जाऊ दे, ते नको आज. पण परवा तीन वेळा खोडून मी जे लिहिलं, 'झालं गेलं विसरून जाऊ या', त्यात केवढा मोठेपणा होता! स्वतःचंच कौतुक वाटत झोपले होते. आणि तिने ते माफीनामा म्हणून वाचलं. वर मंजूरही केला.

मी तडकाफडकी पाठवलं, 'मला? कशाबद्दल?' आणि लगेच डिलीट केलं. आता तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी लटकतेय. भांडणापेक्षा वाईट दिसतं ते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पंधरा मिनिटांच्या आत बदलता तरी येतं. तेवढं सुचलं असतं तर 'बरं' असं करून टाकलं असतं.

कशाबद्दल पण? रात्रभर तेच. तिच्या निकालाच्या वेळी फोन उचलला नाही, ते? की सगळ्यांसमोर तिच्या लग्नाबद्दल बोलले होते, ते? ते मी हसत हसत बोलले होते. ती हसली नव्हती, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

इतकी वर्षं मी बिचारी होते. कुणीही विचारलं की माझी कहाणी तयार असायची, कुठे थांबायचं, कुठे सुस्कारा टाकायचा, सगळं पाठ. तिकडे तीही तशीच एक कहाणी सांगत असणार आणि तिच्यातली दुष्ट बाई मी, हे डोक्यातच आलं नाही. ऐकणारे बिचारे दोन्हीकडे मान डोलवत असतील.

पहाटे उठून शब्दकोश काढला. तिचाच आहे, नेलेला परत द्यायचा राहिला (हेच तर नसेल?). 'माफ' अरबीतून आपल्याकडे आलेला. 'क्षमा' संस्कृत, आणि तिचा दुसरा अर्थ पृथ्वी. सगळ्यांचे पाय सोसते म्हणून असेल. त्या शब्दाशेजारी समासात तिच्या हिरव्या शाईत बारीक अक्षरात लिहिलंय, 'हिला सांगणे'. हिला म्हणजे मला. तेव्हा आम्ही एकमेकींना असे सापडलेले शब्द सांगायचो. हा सांगायचा राहिला वाटतं. की सांगितला होता आणि मी ऐकलं नाही?

बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. दोघी आपापल्या घरी क्षमेचं ताट वाढून दुसरी कधी येते म्हणून बसलेल्या, आणि दोघींचंही ताट झाकलेलंच.

मी काय केलं होतं ते तिला विचारणार नाही. निदान पहिल्या भेटीत नाही. तिने सांगितलंच तर ऐकेन, मध्ये न बोलता. हे जमेल का, शंका आहे.

सकाळी लिहिलं, 'थँक्यू.' दुसरं काय लिहिणार? दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ ती टाइप करत होती, थांबत होती, परत करत होती. शेवटी आलं, 'रविवारी अकराला?'

मी हो म्हटलंय.

आता शब्दकोश न्यायचा की नाही, ते ठरत नाहीये. नेला तर तिला वाटेल हिशेब चुकता करायला आले. नाही नेला तर तो परत द्यायला पुन्हा भेटावं लागेल.