शेपटीपासून गॉडझिला

राक्षस करायला बसलेला माणूस आधी दात कोरतो. जबडा, सुळे, वटारलेले डोळे जमले की स्वारी खूश. आणि तासाभरात मूर्ती तोंडावर आपटलेली असते. गॉडझिला, हा जपानी सिनेमातला राक्षस, शेपटीपासून करायचा असतो. दोन पाय आणि शेपूट, ही त्याची तिवई. ती नीट बसली की वरचं धूड हवं तसं वाकवा.

१९५४ साली जपानच्या तोहो स्टुडिओत हा प्राणी जन्मला तोही आधी मातीतच. तेइझो तोशिमित्सु यांनी तीन नमुने केले : एक खवल्यांचा, एक चामखिळींचा, एक मगरीसारख्या कातडीचा. मगरवाला पसंत पडला. मग पोशाख झाला, जवळजवळ शंभर किलोचा, आणि त्यात घामानं निथळणारे हारुओ नाकाजिमा. पडद्यावरची ती जडशीळ चाल निम्मी तरी त्या ओझ्याचीच असणार. मूर्तीतही तेच ओझं दिसायला हवं : मांड्या वाटतात त्याहून जाड, खांदे उतरलेले, डोकं लहान.

हाताला गोड लागते ती शाडूचीच माती, पण तारेच्या सांगाड्यावर ती दगा देते. वाळताना माती आक्रसते, तार आक्रसत नाही. मग नेमकी मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी भेग. गणपतीला हे नडत नाही, तो ऐसपैस मांडी घालून बसलेला असतो. गॉडझिलाला पॉलिमर क्ले बरी, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती. २५ सेंटिमीटरच्या मूर्तीला अर्धा किलो पुरते, पण आतला भाग फॉईलनं भरला तरच. ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घ्या आणि तळव्यातून तिची टोकं फळीच्या भोकात उतरवा. फॉईल गच्च आवळा. सैल राहिला तर आत हवा कोंडते आणि भाजताना फोड येतात. वर क्लेचा ५-६ मिलिमीटरचा थर.

पाठीवरच्या पात्यांच्या तीन रांगा, मधली सर्वांत मोठी, आकार मॅपलच्या पानासारखा. २ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून कापायची, कडा चिमटीत पातळ करायच्या आणि पाती आधीच दहा मिनिटं भाजून घ्यायची. कडक झालेली पाती कच्च्या पाठीत खोचली की काम झालं. कच्चीच खोचली तर कातडी कोरताना कोपर लागतो आणि सगळी रांग माना टाकते.

खरा वेळ कातडीला द्यावा. तिच्यावर खवले नाहीत; अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या अंगावरच्या भाजल्याच्या वणांची आठवण देणारी ती कातडी आहे. म्हणून ठशानं एकसारखी नक्षी उमटवली की गॉडझिलाची घोरपड होते. टूथपिकनं उभ्या, वेड्यावाकड्या चिरा ओढा. एक तुटेल तिथून दुसरी सुरू होऊ दे. नुसत्या टोकानं ओढलेल्या चिरेच्या कडा खरखरीत, धारदार राहतात. त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून वरून रेघ ओढली तर कडा आपसूक गोल होतात आणि कातडी जून दिसू लागते. पोटाकडे चिरा विरळ, गुडघ्यामागे दाट. बोटांचे ठसे मात्र आत्ताच पुसा. रंग दिल्यावर ते जास्तच उठून दिसतात.

भाजणं साधारण १३० अंश सेल्सिअसवर, दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐका. ओव्हनचा काटा बहुधा लबाड असतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. पात्यांवर फॉईलची टोपी घाला, नाहीतर टोकं करपतात. करपलेल्या क्लेचा धूर वाईट, खिडकी उघडी हवीच. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये. आणि झाल्यावर ओव्हनमध्येच निवू द्या. घाईनं बाहेर काढलेल्या मूर्तीच्या घोट्याला तडा जातो.

रंग हिरवा नको! मूळ पोशाख कोळशासारखा करडा होता. काळ्याचा पातळ हात मारून फडक्यानं पुसला की चिरांत काळं उरतं. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट करडा फक्त उंचवट्यांवर.

बुबुळं शेवटी, आणि ती खाली पाहणारी. समोर पाहणारा गॉडझिला खेळणं वाटतो. पहिल्या चित्रपटात तो ५० मीटर उंच होता, म्हणजे आपली मूर्ती दोनशेपट लहान. त्या मापात माणूस साडेआठ मिलिमीटरचा होतो. बासमतीचा एक दाणा फळीवर उभा चिकटवा आणि बुबुळं त्याच्याकडे वळवा.