डीप फ्रीजरमधला सोडा : अखाजीपर्यंतची नोंद

फेब्रुवारीत अमळनेरच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून तीनशे लिटरचा जुना डीप फ्रीजर घेतला. गॅस शाबूत, कॉम्प्रेसर चालू, झाकणाचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, त्या दिवशी अंगणात नळ उघडला की थंडगार आल्याचा सोडा यायला हवा, एवढं ठरवून कामाला लागलो.

ही बांधणी मुळात घरी बिअर करणाऱ्यांची. केग (दाब सहन करणारी स्टीलची टाकी) आणि फ्रीजर जोडून ते त्याला 'कीझर' म्हणतात. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना बिअर गाळता येत नाही, आणि मला हवा होता सोडाच. केग, कार्बन डायऑक्साइड गॅस, नळ, थर्मोस्टॅट सगळं तेच, फक्त सोड्याला दाब जास्त लागतो. त्या एका फरकानेच माझा मार्च खाल्ला.

आधी लाकडाचं काम. 19 लिटरचा कॉर्नी केग साधारण 63 सेंटिमीटर उंच, वर जोडण्या बसवल्या की आणखी वाढतो. झाकण बसेना. फ्रीजरच्या भिंतीला भोक पाडून नळ काढायचा विचार कोणाच्या मनात असेल तर आत्ताच सोडून द्या. डीप फ्रीजरच्या भिंतींच्या आतूनच फ्रीजरच्या स्वतःच्या गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात. आतल्या पत्र्यामागे गार होणाऱ्या, आणि बऱ्याच मॉडेलांत बाहेरच्या पत्र्यामागे गरम होणाऱ्या. ड्रिल चुकलं की फ्रीजर भंगारात. म्हणून पेटी आणि झाकण यांच्या मध्ये सहा इंची लाकडी चौकट बसवायची आणि नळ तिच्यातून काढायचे. घरी जुन्या दाराचं सागवान पडून होतं. मिस्तरींनी कोपरे साल (खाच) पाडून जुळवले, आतून थर्मोकोलची जाड पट्टी लावली. चौकट पेटीवर नुसत्या सिलिकॉनने चिकटवली, पेटीला एकही स्क्रू मारला नाही. झाकणाच्या बिजागऱ्यांत जोरदार स्प्रिंग असते. झाकण पूर्ण उभं असतानाच स्क्रू काढा, नाहीतर बिजागरी उसळून हाताला लागते.

आई बघायला आली. "यामां ते बरफ व्हई जाई ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. फ्रीजर स्वतःच्या बटणावर ठेवला तर उणे अठरापर्यंत जातो आणि केग गोठून फुगतो. त्यावर उपाय एसटीसी-1000 नावाचा छोटा थर्मोस्टॅट. फ्रीजरची वायर त्याच्या रिलेतून (आतल्या स्विचमधून) नेली. त्याच्या सेटिंगपैकी एफ-1 वर तापमान 4 अंश, एफ-2 वर फरक 1 अंश. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच चालू होऊ नये म्हणून एफ-3 वरची थांबायची वेळ मी 10 मिनिटं केली. आमच्याकडे शेतीपंपांच्या वेळेला व्होल्टेज पडतं, लाइट जाते-येते, त्यामुळे ही थांबण्याची वेळ आणि एक चांगला स्टॅबिलायझर, दोन्ही हवेतच.

सुरुवातीला सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला होता. झाकण उघडलं की गरम हवा लागायची आणि कॉम्प्रेसर उगाच धावायचा. आता तो केगच्या अंगाला चिकटपट्टीने लावून वर थर्मोकोलचा तुकडा दाबलाय. आपल्याला गार करायचाय तो सोडा, आणि केगचं अंग सोड्याचं तापमान सांगतं. तेव्हापासून कॉम्प्रेसर शांत आहे.

आल्याचं रसायन असं : 17 लिटर पाणी, 600 ग्रॅम आलं, दीड किलोला थोडी कमी साखर, 20 लिंबं, चिमूटभर सैंधव. आलं किसून साखरेच्या पाकात उकळायचं, गार झालं की लिंबू. पहिल्या खेपेला चहाच्या गाळणीने गाळलं आणि केगमध्ये ओतलं. तिसऱ्या दिवशी नळ उघडला तर धार करंगळीएवढी, मग थेंब, मग काहीच नाही. दाब सोडून द्रवाच्या बाजूची पोस्ट (केगवरची नळीची जोडणी) उघडली. आतल्या पॉपेटच्या (छोट्या झडपेच्या) स्प्रिंगभोवती आल्याच्या तंतूंची अख्खी वेणी वळली होती, वाळल्यावर सुतळीसारखी. आता मलमलच्या दुहेरी कापडातून गाळतो, रात्रभर ठेवतो, आणि वरचंच निवळ केगमध्ये घेतो.

आता दाबाबद्दल, कारण खानदेशात सगळा खेळ त्याचाच आहे. पाणी जितकं गार तितका गॅस त्यात जास्त विरघळतो. 4 अंशांवर 12 पीएसआय (दाब मोजायचं एकक) दिला तर बिअरला पुरेल इतका, पाण्याच्या साधारण अडीचपट आकारमानाचा गॅस मुरतो. सोड्याला चारपट लागतो, म्हणजे त्याच तापमानाला 28 ते 30 पीएसआय. तोच फसफसाट 40 अंशांच्या पाण्यात धरून ठेवायचा तर शंभराच्या आसपास दाब द्यावा लागेल. म्हणून आधी थंड, मग गॅस. आणि थंड व्हायला वेळ लागतो. 19 लिटर पाणी 40 वरून 4 वर आणायला सुमारे 2,900 किलोज्यूल, म्हणजे 0.8 युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. माझा फ्रीजर एका केगला एक दिवस आणि एक रात्र घेतो. रसायन आधी घरच्या फ्रिजमध्ये पातेल्यांतून गार केलं तर अर्धा दिवस वाचतो.

30 पीएसआयवर पाच दिवस ठेवून नळ उघडला. ग्लासभर नुसता फेस! फेस बसल्यावर तळाला दोन घोट, तेही मचूळ. गॅस बरोबर मुरला होता, पण नळीतच निसटत होता. मी बिअरवाल्यांच्या हिशोबाने दोन मीटर नळी लावली होती. तेवढ्या नळीत 30 पीएसआयचा जोर मावत नाही, सोडा नळापाशी आदळून फुटतो. पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची सात मीटर नळी घेतली आणि केगच्या डोक्यावर वेटोळं करून ठेवली. घर्षणात दाब हळूहळू उतरतो आणि नळातून गुळगुळीत धार येते. शेतात ठिबकचे गुंडाळेच्या गुंडाळे पडलेत, त्यातलीच बारीक नळी लाव असं दोघांनी सुचवलं. नाही लावली, तुम्हीही लावू नका. ती पाण्या-खतासाठी बनते. आंबट, साखरेचा सोडा दिवस-दिवस आत उभा राहणार, तिथे अन्नासाठीचीच नळी पाहिजे.

तरीही पहिला ग्लास फेसाळतच होता, दुसरा नीट. थर्मामीटर आत सोडला तेव्हा कळलं. तळाला 3 अंश, चौकटीजवळ 11. थंड हवा खाली बसून राहते आणि नळ बाहेरच्या 42 अंशांत तापतो. कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा पंखा आणि पीव्हीसी पाइपाचा मीटरभर तुकडा (असे तुकडे आपल्याकडे कुठल्याही माळ्यावर सापडतात) घेऊन तळाची हवा उचलून थेट नळाच्या दांड्यावर सोडली. वर-खालचा फरक दीड अंशावर आला. एकूण तीनशे रुपयांत झालेलं हे काम सगळ्यात जास्त समाधान देऊन गेलं.

गॅसचं सिलिंडर 5 किलोचं, आतल्या कॉम्प्रेसरच्या पायरीवर उभं केलंय. व्हरांड्यात असताना सिलिंडरचा दाब दाखवणारा मोठा काटा हजार पीएसआयच्या पुढे होता, आत ठेवल्यावर साडेपाचशेला आला. गळती समजून मी रात्री साबणाचं पाणी घेऊन बसलो. गळती नव्हती. सिलिंडरमध्ये द्रव असेपर्यंत काटा फक्त तापमान दाखवतो. 31 अंशांच्या वर तर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही, म्हणून भरलेलं सिलिंडर आपल्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. किती गॅस उरलाय ते वजनकाट्यावरच कळतं, रिकाम्या सिलिंडरचं वजन मानेवर कोरलेलं असतं. खरी गळती पुढच्या आठवड्यात झाली. एका पोस्टचं ओ-रिंग (रबरी कडं) चिरलं होतं, रात्रीत किलोभर गॅस गेला. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, पेटीत पाण्यासारखा साठतो. शंका आली की झाकण उघडून बाजूला व्हा, पंख्याने वारा घाला, डोकं आत घालू नका. सिलिंडर त्या दिवसापासून रोज रात्री मुख्य व्हॉल्व्हवर बंद करतो.

फ्रीजरभोवती चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवलीय. बाहेरचा पत्रा हाताला चांगला गरम लागतो. थंडावा टिकावा म्हणून त्याला गोधडी गुंडाळली तर उष्णता जाणार कुठून?

अखाजीच्या सकाळी दोन केग भरलेले होते, एक आल्याचा, एक नुसत्या लिंबाचा. दुपारी पुरणपोळी आणि आमरस झाला, मुली झोक्यावरून उतरून ग्लास घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पहिलाच ग्लास स्वच्छ आला, वर बोटभर फेस. धाकट्या बहिणीने तो आईला दिला. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले. "नाकमां झिनझिन्या उन्यात ना रे!" आणि ग्लास पुढे केला.

संध्याकाळी आल्याचा केग संपला. सिलिंडर वजन केलं, 3.1 किलो गॅस शिल्लक. झाकणाचं फाटलेलं रबर अजून तसंच आहे, तिथे सकाळी दव धरतं. ओल टिपायला आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवलीय, पण चार दिवसांत निळे दाणे गुलाबी होतात. धुळ्याहून नवीन रबर मागवलंय. तोवर तिसऱ्या नळाचं भोक पाडून घेतो, जिरा सोड्यासाठी.