पट्ट्या अर्ध्या हॉलमधून गेल्या

मागच्या वेळी दाखवलेल्या लेकीच्या टेबल टेनिसच्या फोटोंत पिवळट-काळपट आडव्या पट्ट्या कुठून आल्या ते एकदाचं कळलं. कॅमेरा ठणठणीत, लेन्सही. भानगड दिव्यांची.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हॉलचे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना पत्ता लागत नाही, १/८०० सेकंदाच्या शटरला लागतो. त्यात लेकीची सर्व्हिस चालू असताना खटखट नको म्हणून मी सायलेंट शटर लावत होते. ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि आमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत हे वाचन रमतगमत चालतं, त्यामुळे एकाच फ्रेममध्ये दिव्याचे तीन-चार चढउतार सापडतात. आता मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर ऑन. दिवा ऐन भरात आला की मगच कॅमेरा क्लिक करतो. बर्स्ट (सलग फोटो काढण्याचा वेग) मंदावतो, एखादा टॉपस्पिनचा फटका हुकतो, पण अंडर-१३ च्या अख्ख्या मॅचमध्ये त्वचेचा रंग एकसारखा आला! त्या रात्री एडिटिंगला बसावंच लागलं नाही.

हे झालं अर्ध्या हॉलचं. कोपऱ्यातल्या टेबलांच्या वर नवे एलईडी पॅनल बसवलेत आणि लेकीचा ड्रॉ नेमका तिकडेच लागतो. तिथे कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेम्सचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला: जुने दिवे धडधडताना दिसतात, नवे पॅनल शांत. म्हणजे त्यांचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) फारच वेगाने चालू-बंद होतोय, आणि माझ्या कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर फक्त १०० किंवा १२० हर्ट्झच ओळखतं. शटर १/६४०, १/५००, १/१००० असं फिरवून पाहिलं. रेघा जाड-बारीक होतात, जात नाहीत. जेल रोडवरच्या एका दुकानदाराचा उपाय तयारच होता, ‘मॅडम, नई बॉडी ले लो.’ तेवढ्या पैशात लेकीच्या बॅटची वर्षभराची रबरं येतील. (सेकंडहँड ८५ एमएम एफ/१.८ लेन्स मात्र डोळे मिटून घ्या, ती भरपूर प्रकाश आत घेते. कॅमेऱ्यासोबत येणारा एफ/५.६ चा किट झूम अशा हॉलमध्ये बॅगेतच बरा.)

मग विचार केला, शटर वेगवान हवंच कशाला? सर्व्हिसमध्ये चेंडू तळहातावरून किमान १६ सेंटीमीटर वर जावा लागतो, आणि वर पोचल्यावर क्षणभर थांबतो. त्या क्षणी १/१०० दिलं तरी चेंडू मिलिमीटरभरसुद्धा हलत नाही. खेळाडूही स्तब्ध, नजर चेंडूवर. १/१०० मध्ये जुन्या दिव्याचा एक पूर्ण फेरा बसतो आणि नव्या पॅनलचे कितीतरी, म्हणून पट्टी उरतच नाही. शिवाय आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वरून ८०० वर! मी त्यातलं थोडं खर्चून लेन्सचं छिद्र एफ/१.८ वरून एफ/२.८ इतकं लहान केलं, आयएसओ २०००. चेहरा आणि चेंडू दोन्ही एकदम शार्प. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) मात्र हवाच, ८५ ला १/१०० हातात धरवत नाही.

रॅलीचं काय, असं विचाराल. कोपऱ्यातल्या टेबलावर रॅली सध्या सोडून दिली आहे. पुढच्या वेळी १/५० ला पॅनिंग (खेळाडूबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करून बघणार होते, पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. जाळी १५.२५ सेंटीमीटर उंच असते. अंपायरच्या बाजूने, टेबलाच्या उंचीवर कॅमेरा ठेवून सर्व्हिस टिपली, तर टॉस पुरेसा उंच जातो की नाही हे जाळीशी ताडून साधारण दिसेल. कोच सर लेकीला टॉसवरून सारखे टोकत असतात, त्यांना अशी एक मालिकाच देता येईल. समोरच्या मुलीच्या आईला विचारून घेते, तीही फ्रेममध्ये येणार. पॅनिंग त्यानंतर. आणि ८५ त्या जागेवरून फार जवळची पडेल, तेव्हा कोणाकडे ५० एमएम एफ/१.८ लेन्स रविवारपुरती मिळेल का? रामबागेत येऊन घेऊन जाईन.